निनांवी शोक

१९८५ सालीं बासू चटर्जी यांची ‘रजनी’ ही मालिका दूरदर्शनवर लागली, तेव्हां मी तारापुरास राहणारा आठ वर्षांचा मुलगा होतों. सामान्य माणसास नाडणाऱ्यांस खडसावून जाब विचारणाऱ्या त्या स्त्रीवर माझें बालमन जडलें. ‘लग्न करीन तर हिच्याशींच!’ हें मीं आईस सांगितलें. माउली हंसली नाहीं.

१९ सप्टेंबर २००२ रोजीं प्रिया तेंडुलकर वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षीं निवर्तल्या. ती वार्ता मीं पालघर स्थानकावर वाचली. पिता विजय तेंडुलकर हयात होते. खरा शोक त्यांचा. मग माझा कोणता? सांत्वनाचें पत्र लिहावें, तर नातें काय सांगावें? बोईसरास उतरलों, वर्गांत हजेरी घेतली. मुलांनीं विचारलें, ‘गुरुजी, बरें नाहीं काय?’