पोथीवरचे डाग

हिंगोली,
श्रावण शुद्ध पंचमी

चि. बाळीस,


तुझं पत्र मिळालं. दोन-तीनशे वर्षांपूर्वी आपल्या भागातली माणसं काय वाचत होती आणि वाचून त्यांना काय वाटत होतं, हे कुठंच लिहिलेलं सापडत नाही, म्हणून निबंध लिहिताना तू हिरमुसली आहेस. ग्रंथालयात शोधताना एक लक्षात ठेव. आपला हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला, त्याआधीचं सगळं परभणीच्या नावाखाली मिळेल. पण तू विचारतेस त्याचं उत्तर माझ्या देवघरातल्या फडताळात आहे.

तुझ्या पणजीचं शिवलीलामृत अजून माझ्याकडं आहे. तांबड्या बासनात, दोन फळ्यांमध्ये बांधलेली सुटी, आडवी पानं. किडीसाठी ठेवलेल्या वेखंडाचा वास अजून येतो. काल नागपंचमीच्या आधी म्हणून पोथी सोडली आणि तुझं पत्र शेजारी ठेवून पानं नीट न्याहाळली. पहिले काही अध्याय बरेच स्वच्छ आहेत. अकरावा मात्र बोटांच्या तेलानं काळवंडलाय. पानांचे कोपरे झिजून गोल झालेत, मधेच कुंकवाची बोटं उमटलीत, एके ठिकाणी पाणी पडून शाई पसरलीय.

अकराव्यात भद्रसेन राजाच्या मुलाची गोष्ट आहे. मुलाचं आयुष्य सातच दिवस उरलंय असं पराशर ऋषी सांगतात, मग रुद्राचं अनुष्ठान होतं आणि मुलगा मरणाच्या दारातून परत येतो. तुझ्या पणजीची दोन लेकरं तापानं गेली होती. तिसरं जगलं, ते म्हणजे माझे वडील. हा अध्याय वाचून तिला काय वाटायचं, हे तिनं कुठं लिहिलं नाही. तिला लिहिता येतच नव्हतं. पण ते पान बघ, मग सांग, अभिप्राय नाही म्हणून.

वाचायचे तिचे धाकटे दीर. ती दाराआड बसून ऐकायची. सगळा अकरावा तिला पाठ होता. वाचताना काही गळलं की आतून आवाज यायचा, "भावजी, एक ओवी सुटली." १९०१ च्या खानेसुमारीत अख्ख्या हिंदुस्थानात शंभरांत जेमतेम पाच माणसं साक्षर होती, आपल्याकडच्या निजामाच्या राज्यात त्याहूनही कमी. पणजीसारख्यांची गणती त्या पाचांत कधी झालीच नाही. ज्या बाईला वाचणाऱ्याची चूक कळते, तिला निरक्षर म्हणून बाजूला काढलं तर आपला वाचनाचा इतिहास लंगडा राहील, असं मला मनापासून वाटतं.

कचेरीत उर्दू होती, शाळेतही तीच. मराठी जगली ती घरातल्या जात्यावर, भजनात आणि पोथीत. नाझऱ्याच्या श्रीधर कवींनी १७०२ मध्ये हरिविजय पुरा केला, पुढं रामविजय, पांडवप्रताप आणि १७१८ मध्ये शिवलीलामृत. ताहराबादच्या महिपतींचा भक्तिविजय १७६२ चा. शेतातून दमून आलेल्या माणसालाही ऐकता ऐकता कळावी अशी ती भाषा. कयाधूकाठच्या आपल्या गावात चातुर्मासात मारुतीच्या पारावर पोथी लागायची. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. कृष्णजन्माचा अध्याय आला की पाळणा बांधून सुंठवडा वाटायचे. सीतेच्या स्वयंवराला बायका अक्षता घेऊन यायच्या. लक्ष्मण मूर्च्छित पडला असताना पोथी बांधायची नाही, असा दंडक होता. कितीही रात्र होवो, तो उठून बसेपर्यंत कुणी पार सोडत नसे, असं वडील सांगायचे. समाप्तीला वाचणाऱ्याला धोतर-उपरणं आणि घराघरातून शिधा.

तू 'प्रतिसाद' हा शब्द वापरलास. आपल्या लोकांचा प्रतिसाद असा हातापायांतून आणि डोळ्यांतून यायचा.

कधी तो थेट ग्रंथातही शिरला. ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी तिच्यात शब्द बदलले, ओव्या घातल्या. १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढं कुणी आपली ओवी मिसळू नये म्हणून बजावलं. नाथांनी केलं ते योग्यच होतं. पण त्या मिसळलेल्या ओव्यांमागं ज्यांना गप्प राहवलं नाही असे वाचक होते, हे विसरू नकोस. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबत राहिली, कानावर पडेल ते साठवत राहिली आणि तिनं स्वतःच्या अभंगांनी उत्तर दिलं. ऐकणारी तिथं कवी झाली.

आता आपल्या नर्सीचं. नामदेवांचा जन्म तिथला, १२७० चा, असं परंपरा मानते. औंढ्याला नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर त्यांना गुरू म्हणून भेटले. त्याच देवळासमोर कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवांना, शिंपी म्हणून, मागच्या बाजूला जायला सांगितलं. ते मागं गेले, तिथं गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. औंढ्याचा नंदी देवळाच्या मागं आहे, तो का, असं लहानपणी तू विचारायचीस, तेव्हा आजी हीच गोष्ट सांगायची. नामदेव पुढं पंजाबात गेले. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातल्या एका पदात देऊळ फिरल्याचा हाच प्रसंग आलाय. नामदेवांनंतर अडीचशे वर्षं ही पदं गात आणि ऐकत राहिलेल्या माणसांचे आपण केवढे ऋणी आहोत!

पोथीच्या पारावर सगळ्यांना सारखी जागा नव्हती, हेही तुझ्या निबंधात यायला हवं. काहींना उन्हात, लांब बसावं लागे. बायका दाराआड असत आणि गुरुचरित्र त्यांनी वाचू नये असं सांगितलं जाई. याचं मला दुःख आहे आणि ते लपवावंसं वाटत नाही. पण औंढ्याची गोष्ट आपल्या माणसांनी सातशे वर्षं जिवापाड जपली, कारण मागं बसवलेल्यांची ती गोष्ट होती. शब्द कुणासाठी आहे आणि देव कुणाकडं तोंड करतो, याबद्दलचं त्यांचं मत त्या गोष्टीत आहे. तुला हवं असलेलं उत्तर मला तिथं दिसतं.

तेव्हा ग्रंथालयातलं काम झालं की ये. दारासमोरच्या जुन्या घरांत विचार, म्हाताऱ्या बायकांजवळ बस, त्यांना अमुक ग्रंथ वाचलात का म्हणून विचारू नकोस. कोणता अध्याय लागला की रडू यायचं, ते विचार. पोथ्या बघायला मिळाल्या तर मजकुराआधी कोपरे बघ.

पणजीची पोथी मी तुझ्या नावानं ठेवली आहे. नेशील तेव्हा एकच कर. कुणी कितीही सांगितलं तरी अकराव्या अध्यायाची पानं पुसू नकोस.

आईला नमस्कार सांग. पाऊस इकडं बरा आहे, सोयाबीन गुडघ्याला लागलंय.

तुझा,
मामा