घासलेले नाणे



तांब्याचे भांडे काळे पडले की चिंच लावून घासायचे, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. याच चांगल्या सवयीने एकदा माझ्या हातून अपराध घडवला. तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

आमचे रान भीमेच्या काठाला आहे. गेल्या वैशाखात धसकटे वेचताना घरच्या मंडळींच्या कानातले सोन्याचे फूल पडले. पुतण्याने कुणाकडून तरी मेटल डिटेक्टर मागून आणला. दिवसभर यंत्र वाजत होते आणि दर वेळी खणले की खिळा, पत्र्याचा तुकडा, नाहीतर जुना बोल्ट. फूल सापडलेच नाही. दिवस मावळता वीतभर खोलीवर एक जाडसर, हिरवट चकती हाताला लागली. तांब्याचे नाणे! पण अक्षर एकही दिसेना.

मला धीर निघाला नाही. त्याच रात्री चिंच आणि राख घेऊन मी एक बाजू घासली. नाणे लख्ख झाले आणि पार गुळगुळीतही झाले. पुतण्याने हात धरला म्हणून दुसरी बाजू वाचली.

तालुक्याच्या गावी जुन्या नाण्यांचा नाद असलेले एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी आधी नाणे पाहिले, मग माझ्याकडे.

"माउली, घासलंत कशाला? हा हिरवा कळंक म्हणजे नुसती घाण नव्हे. कधी कधी अक्षराचा उठाव त्या थरातच उरलेला असतो. थर गेला की अक्षरही जातं."

त्यांनी नाणे तोलले. साडेनऊ ग्रॅम भरले. कड एकसारखी नव्हती, म्हणजे ते हाताने ठोकून पाडलेले. कंपनी सरकारचा १८३५ चा पाव आणा यंत्रावरचा, नेटका गोल आणि साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेरचा. तो हा नव्हे. मग त्यांनी खिडकी लावली आणि बॅटरी नाण्याच्या कडेला आडवी धरून हळूहळू फिरवली. "वरून उजेड टाकला तर सारं सपाट दिसतं," ते म्हणाले. आडव्या उजेडात आधी कडेची ठिपक्यांची ओळ उमटली. मग एक उभी रेघ, तिच्यावरून वळलेली वेलांटी. 'ति'. तिच्या अलीकडे अर्धामुर्धा 'प'.

शिवराई! एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति'. १६७४ साली महाराजांना राज्याभिषेक झाला, त्या राज्याचे हे नाणे. पुढे पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या. टाकसाळी बदलल्या, पण नाण्यावरचे नाव तेच राहिले.

"वरची ओळ झिजली का?" मी विचारले.

"झिजलीच असं नाही. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा. काही अक्षरं पहिल्यापासूनच चकतीवर उमटत नसत."

"मग ही महाराजांच्या वेळची की नंतरची?"

"त्यासाठी दोन्ही बाजूंच्या अक्षरांचं वळण ताडून बघावं लागतं," एवढे बोलून ते थांबले. पुढचे मला कळले. महाराजांचे नाव असलेली बाजू मीच पुसली होती.

१८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे, १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जमिनीत सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. गुरुजींच्या सांगण्यावरून मी तसे लेखी कळवले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

माझी आई ८४ वर्षांची. जन्मभर वारी केली, रोज संध्याकाळी हरिपाठ. आता अभंग मागेपुढे होतात. मी पोथी हातात घेऊन टोकायचो, "आई, असं नाही गं, पुन्हा म्हण." ती पुन्हा म्हणायची, आणखी चुकायची आणि गप्प बसायची. मला वाटे, मी तिची आठवण जागी ठेवतो आहे.

त्या संध्याकाळी मी पोथी मिटली. टाळ घेऊन तिच्या शेजारी बसलो आणि हलकेच ठेका धरला. बऱ्याच वेळाने तिने तोंड उघडले. शब्द मागेपुढे झाले, पण ठेका कुठे चुकला नाही. विठ्ठलाचे नाव आले तिथे हात आपसूक जुळले. आई शाळेत गेलेली नाही. तिने सारे दिंडीत ऐकून उचलले. माझ्या पोथीतला क्रम कदाचित तिच्या मनावर कधी उमटलाच नसेल. तो तिचा विसर कसा म्हणायचा?

टोकून टोकून मी तिच्यातले किती पुसले, ते मात्र आता कोणताही उजेड दाखवणार नाही.

माउली, तुमच्याही घरात कुणी झिजत आले असेल. त्याला घासू नका. दिवा थोडा बाजूला धरा आणि शेजारी बसा. जे उरले आहे, ते आपणहून दिसू लागते.

राम कृष्ण हरि!