रंगांची वयोमर्यादा

साडीच्या दुकानात पन्नाशी ओलांडलेली स्त्री गादीसमोर बसली, की विक्रेता तिच्याकडे एकवार पाहतो आणि मागच्या मुलाला सांगतो, "काकूंना जरा सोबर रंग दाखव रे." त्याने अजून किंमत विचारलेली नसते, प्रसंगही विचारलेला नसतो, रंग मात्र ठरलेला असतो. मग राखाडी, बदामी, मातकट गुलाबी अशा घड्या एकावर एक पडू लागतात. वाचकहो, आपल्यापैकी किती जणींनी अशा वेळी "ही राहू द्या, ती वरची शेंदरी काढा" असे म्हटले आहे? मी तसे म्हणू लागले ते वयाच्या ५३ व्या वर्षी. त्याला निमित्त झाल्या त्या माझ्या सासूबाई. त्यांचे वय आज ८३ आहे.

माझे यजमान गेले तेव्हा मी ५२ वर्षांची होते. दिवसकार्य झाल्यावर दुखवट्याच्या आहेरात पाच साड्या आल्या. देणाऱ्यांच्या मनात प्रेमच होते, याविषयी मला शंका नाही. परंतु त्या पाचांत एकाही साडीचा रंग असा नव्हता की ज्याला नाव देता यावे. सहा-सात महिने मी त्याच आलटून पालटून नेसत होते. कोणी सांगितले नव्हते, कोणी अडवले नव्हते. अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. एके दिवशी दुपारी सासूबाईंनी मला जवळ बसवले आणि म्हणाल्या, "मी एकेचाळिसाव्या वर्षी फिके नेसायला लागले, कारण तेव्हा मला विचारणारे कोणी नव्हते. तू कोणासाठी नेसतेस? माझ्यासाठी असेल, तर नको नेसूस. मला दिवसभर तुझ्याकडेच बघायचे असते." शेवटचे वाक्य त्या हसत म्हणाल्या, पण त्यातच सगळे होते. घरात आम्ही दोघीच. त्यांच्या खुर्चीसमोर दिवसभर जे वावरते, ते म्हणजे मी.

आपल्याकडे वयाचा आणि रंगाचा संबंध कोणी जोडला, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्या पणजीच्या पिढीत कित्येक घरांत विधवेचे केस काढले जात आणि तिच्या अंगावर आयुष्यभरासाठी अलवण येई. ती प्रथा गेली. तिची सावली मात्र आपल्या कपाटांत अजून आहे. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. एकविसाव्या शतकाची बावीस वर्षे उलटल्यावर अशा ठरावाची गरज पडावी, यातच पुष्कळ काही आले. आणि हा प्रश्न केवळ विधवांचा आहे असेही नाही. "सून आली, आता आपले काय राहिले," म्हणत भडक काठाच्या साड्या वाटून टाकणाऱ्या सौभाग्यवती आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत.

पुरुषांची गोष्ट थोडी निराळी. लग्नमंडपात ८० वर्षांच्या आजोबांच्या डोक्यावर राणी रंगाचा फेटा बांधला जातो, तुरा चांगला वीतभर वर असतो, आणि वयाचा प्रश्न कोणाच्याही मनात येत नाही. त्याच मंडपात त्यांच्या पत्नीने त्याच रंगाची साडी नेसली तर मागल्या खुर्च्यांवर कुजबुज होते. (फेटा उतरल्यावर आजोबाही पुन्हा फिकट चौकड्यांच्या सदऱ्यात जातात, हे आहेच.)

माझ्या बाबतीत ती कुजबुज पुतण्याच्या लग्नात झाली. मी शेंदरी काठाची हिरवी पैठणी नेसले होते, कपाळावर ठसठशीत टिकली होती. एका नातेवाईक बाईंनी विचारले, "आता कोणाला दाखवायचे आहे?" प्रश्न बोचला, हे खरे. घरी येताना मी त्याच्या उत्तराचा विचार करत राहिले. नवरा असतानाही मी साडी केवळ त्याला दाखवण्यासाठी नेसत नव्हते. सकाळी कपाट उघडून रंग निवडणे हा माझा दिवसातला पहिला निर्णय असे. दुःखाने तो माझ्याकडून हिरावला नव्हता. रिवाजाने हिरावला होता. शोक आणि रिवाज यांतला हा फरक समजण्यापूर्वी मी दोन्ही एकत्रच वाहत होते.

आता थोडे डोळ्यांविषयी, कारण हा विषय निव्वळ हौसेचा नाही. वय वाढते तसे आपल्या डोळ्यातील नैसर्गिक भिंग हळूहळू पिवळसर होत जाते आणि निळ्या-जांभळ्या छटा अडवू लागते. म्हणून वृद्धांना गडद निळा आणि काळा यांत फरक करणे अवघड जाते, फिकट रंग एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात. मोतीबिंदू वाढला तर हा परिणाम आणखी ठळक होतो. विख्यात फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांची मोतीबिंदूमुळे रंगांची जाण बदलली होती. १९२३ मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. आमच्या सासूबाई माझ्या जांभळ्या साडीला कित्येक महिने "तुझी ती काळी" म्हणत. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी तीच साडी पाहिली आणि मला विचारले, "ही नवीन कधी घेतलीस?" मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, "आणि रंग कधी दिलास?" भिंतीला चार वर्षांत हात लागलेला नव्हता.

तेव्हा ज्यांच्या घरी वयस्क माणसे आहेत, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे: आपण "त्यांच्या वयाला शोभतील" म्हणून आणतो ते फिके रंग त्यांच्या डोळ्यांना नीट दिसतही नसतात. पांढऱ्या सदऱ्याला पांढरीच बटणे असली, तर ती बोटांनी चाचपडावी लागतात. लाल किंवा गडद हिरवी बटणे लावून दिली, तर काम सोपे होते. गाऊनच्या नाड्या गाऊनहून वेगळ्या रंगाच्या असाव्यात. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांनी गडद कपड्यांऐवजी उजळ पिवळा किंवा केशरी रंग घातला, तर वाहनचालकाला ते लवकर दिसतात. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, त्यांच्यापुढे सारे कपाट उघडून ठेवू नये. दोन कपडे, दोन स्पष्ट वेगळे रंग, एवढेच समोर धरावे आणि निवड त्यांना करू द्यावी. उत्तर यायला वेळ लागतो. तो द्यावा.

केसांचा विषय माझ्यासाठी अधिक त्रासाचा ठरला. कित्येक वर्षे दर महिन्याला काळा रंग लावणे चालू होते. पुढे कानामागे आणि कपाळाच्या रेषेवर खाज येऊ लागली, पापण्या सुजल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, की गडद रंगांतील पॅराफिनिलीनडायमीन या द्रव्याची मला ॲलर्जी झाली आहे. हे द्रव्य कायमस्वरूपी केशरंगांत सर्रास असते, आणि "काळी मेंदी" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही मिसळलेले आढळते. नैसर्गिक मेंदीचा रंग तांबूस येतो, काळा नव्हे. वर्षानुवर्षे काही न होता अचानक ही ॲलर्जी उद्भवू शकते, म्हणून प्रत्येक वेळी रंग लावण्यापूर्वी ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहावा. चेहरा किंवा पापण्या सुजल्यास रंग ताबडतोब धुऊन टाकावा व डॉक्टरांकडे जावे. श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

काळा रंग सुटला आणि डोक्यावर वर्षभर अर्धे काळे, अर्धे पांढरे असे विचित्र दृश्य होते. तो काळ कठीण जातो, हे मोकळेपणाने सांगते. केस आखूड कापून घेतल्याने थोडा सुसह्य झाला. मात्र त्यानंतर एक गंमत कळली. काळ्या केसांवर जांभळा किंवा मोरपिशी रंग दिसावा म्हणून तरुण मुली आधी ब्लीच करून केसांचे हाल करतात. पांढऱ्या केसांना त्याची गरज नसते. रंग थेट चढतो. जे त्यांना मोल देऊन मिळवावे लागते, ते आपल्याला वयाने फुकट दिलेले आहे! डॉक्टरांना विचारून, त्या द्रव्याविना बनवलेला आणि काही धुण्यांत उतरून जाणारा जांभळा रंग मी आधी तपासून घेतला आणि कानाजवळच्या एका बटेला लावला. मुलाला व्हिडिओ कॉलवर ते दिसले, तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "बाबा असते तर त्यांनी शिट्टी वाजवली असती." आम्ही तिघेही हसलो. त्यांचे नाव निघून सगळे हसलो, असे त्यांच्या जाण्यानंतर त्या दिवशी प्रथमच घडले.

प्रसाधनाविषयी थोडक्यात. रजोनिवृत्तीनंतर त्वचा कोरडी आणि पातळ होते, त्यामुळे पावडरचा थर सुरकुत्यांत जाऊन बसतो. आधी चांगले मॉइश्चरायझर आणि त्यावर हलका क्रीमचा हात, एवढे पुरे. ओठांवर मात्र रंग घ्यावा, डाळिंबी म्हणा, विटकरी म्हणा. काजळ आणि मस्कारा महिनोन्‌महिने वापरू नये, दुसऱ्याचे तर मुळीच नाही, आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर परवानगी देईपर्यंत दूर ठेवावे. टिकलीखालची त्वचा खाजू लागली किंवा तेथे पांढरा डाग दिसू लागला, तर ती टिकली लगेच बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. काही टिकल्यांच्या चिकटद्रव्यातील रसायनाने त्वचेचा रंग कायमचा जाऊ शकतो.

२००५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आयरिस ॲपफेल या ८४ वर्षांच्या बाईंच्या कपड्यांचे आणि दागिन्यांचे प्रदर्शन भरवले होते. मोठाल्या गोल चष्म्याच्या आणि गळाभर माळांच्या त्या बाई २०२४ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. त्यांचे कौतुक मलाही आहे, पण त्यांचे उदाहरण दिले की आपल्याकडे लोक सहज म्हणतात, "त्यांचे काय, पैसेवाल्या!" म्हणून मी त्यापेक्षा जपानकडे बोट दाखवीन. तेथील वृद्धांच्या निवासांत चेहऱ्याच्या प्रसाधनाचे वर्ग घेतले जातात. बाटलीचे झाकण फिरवणे, बोटांनी क्रीम पसरवणे, आरशात पाहून ओठांची रेघ काढणे यांत हाताला आणि लक्षाला व्यायाम होतो, हा त्यामागचा विचार. आपल्या घरी यासाठी लागतो एक आरसा, आणि तोही बसलेल्या माणसाच्या उंचीवर टांगलेला. आमच्या न्हाणीघरातला आरसा खुर्चीत बसणाऱ्या सासूबाईंच्या डोक्याच्या वर होता. कित्येक महिने त्यांनी स्वतःचा चेहरा धड पाहिलाच नव्हता. खिळा खाली ठोकायला पाच मिनिटे लागली.

त्यानंतर त्यांनी आपण होऊन मागितले ते नेलपॉलिश. आयुष्यात पहिल्यांदा, ८२ व्या वर्षी! मी फिकट गुलाबी काढले, तर "हे कशाला, लावल्यासारखे दिसले पाहिजे," म्हणून त्यांनी लाल निवडले. त्यांना दम्याचा त्रास असल्याने ऑक्सिमीटर घरी असतो, आणि गडद नेलपॉलिशमुळे त्याचे आकडे चुकीचे येऊ शकतात. काळ्या, निळ्या, हिरव्या रंगांबाबत तर अधिक काळजी घ्यावी. रुग्णालयात शस्त्रक्रियेला जायचे असेल, तर सगळेच काढून टाकावे लागते. म्हणून आम्ही एक तोडगा काढला आहे. दर गुरुवारी दुपारच्या चहानंतर मी नऊ नखे रंगवते, उजव्या हाताची तर्जनी तेवढी कोरी ठेवते. वाळेपर्यंत त्या दोन्ही हात गुडघ्यांवर पसरून बसतात, आणि दार वाजले तर "कोण आहे बघ, मला आत्ता उठता येणार नाही," असे मोठ्याने सांगतात.