एका नकाराचं देणं

क्योतोला मी गेले ती सगळंच शिकायच्या हावेने. पुण्यात जपानीच्या परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे भाषा आपल्याला येते असं वाटत होतं. दर मंगळवारी संध्याकाळी मी एका बाईंकडे जुनी जपानी वाचायला जात असे. त्या सत्तरी ओलांडलेल्या आणि अंगाने किरकोळ होत्या. पण नो नाटकातलं गायन, ज्याला उताई म्हणतात, त्या तरुणपणापासून शिकलेल्या. एकच ओळ म्हटली तरी त्या लहानशा खोलीत घंटेवर टोल पडल्यासारखं वाटे. पहिल्याच महिन्यात मी धीर करून विचारलं, "सेन्सेइ, मला उताई शिकवाल का?"

"नाही. आत्ता नाही," असं म्हणून त्यांनी एक पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. 'आयामेगुसा'.

आपल्याला टाळलं असं वाटून मला फार लागलं होतं. पुढची दीड वर्षं ते पुस्तक आम्ही वाचत होतो, कधी एका संध्याकाळी फक्त चार ओळी.

त्या पुस्तकातले बोल आहेत योशिझावा आयामे या काबुकी नटाचे. जन्म 1673चा, किइ प्रांतातला. लहानपणीच वडील गेले आणि हा पोरगा ओसाकाच्या दोतोम्बोरी या नाटकवाल्यांच्या वस्तीत येऊन पडला. तिथे शौकिनांचं मन रिझवणाऱ्या मुलांमध्ये त्याचं कोवळं वय गेलं. पुढे तो ओन्नागाता झाला, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट. 1698 साली क्योतोत 'केइसेइ आसामागाताके' या नाटकात त्याने मिउरा ही गणिका उभी केली आणि त्याचं नाव झालं. त्याचं बोलणं फुकुओका यागोशिरो या नाटकवाल्याने टिपून ठेवलं. ते 1776 साली 'याकुशा रोन्गो' या संग्रहात छापलं गेलं. तोवर आयामेला जाऊन 47 वर्षं झाली होती.

वाचायला लागले तेव्हा मी रागातच होते, आणि आयामेवरही रागावले. क्योतोत शिजो पुलाच्या टोकाशी ओकुनीचा पुतळा आहे. काबुकी सुरू झालं ते तिच्यापासून, 1603च्या सुमाराला, कामो नदीच्या काठी नाचणाऱ्या एका बाईपासून. 1629 साली शोगुनच्या सरकारने बायकांना रंगभूमीवरून घालवलं. मग कोवळे मुलगे बायकांची कामं करू लागले. 1652 साली तेही बंद. उरले कपाळावरचे केस भादरलेले प्रौढ पुरुष. भादरलेल्या जागेवर जांभळ्या कापडाची घडी ठेवून त्यांनी बाई उभी करायची. बायकांना हाकलून मग बाई कशी असावी हे एका पुरुषाने शिकवावं? शील हा स्त्रीचा पाया, असं तो ठासून सांगतो. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

पण हळूहळू त्याच्या बोलण्यातली दुसरी गोष्ट मला धरून ठेवू लागली. रंगमंचावर पाऊल टाकल्यावर बाई व्हायला निघालात तर पुरुषीपणाच जास्त दिसेल. रोजचं जगणंच तसं असू द्या, असं आयामे सांगतो. नाटकघरात जेवतानाही नायकाचं काम करणाऱ्या नटासमोर बसून घास कोंबू नका. मग थोड्या वेळाने त्याच्याशी प्रेमाचा प्रसंग करताना त्याचं मन कसं लागेल? कुणी बायकोचा विषय काढला तर चेहरा लाल व्हायला हवा, असंही तो म्हणतो. आयामे स्वतः बायकामुलांचा धनी. त्याचा एक मुलगा, पहिला नाकामुरा तोमिजूरो, पुढे 1753 साली दोजोजी देवळाच्या कथेतल्या मुलीचा प्रसिद्ध नाच नाचला. तरी हा माणूस जेवणाच्या ताटापर्यंत आपली कला पाळत राहिला. त्या दिवसांत मी सेन्सेइंच्या घरी धडा संपला की लगेच इंग्रजीत फोनवर बोलायला लागत असे. ते मी बंद केलं. त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

मग गोरोझाएमोनचं पान आलं. ताम्बा भागातला हा सधन माणूस नो नाटकाचा जाणकार होता आणि आयामेचा आश्रयदाता. आयामेने त्याच्याकडे नो शिकवा म्हणून हट्ट धरला. त्याने साफ नकार दिला. ओन्नागाता म्हणून नाव होईपर्यंत दुसरीकडे मन घालू नकोस. आत्ता नो आलं तर ते आपल्या कामात आणायचा मोह होईल आणि काबुकी बिघडेल. आयामेने मन एका जागी लावलं. आपल्याला घडवणाऱ्याचे उपकार तो विसरला नाही. त्याच्या घराण्याचं नाव ताचिबानाया, तेही या ताचिबानाया गोरोझाएमोनचंच.

मी वाचायची थांबले. सेन्सेइ पुस्तकावरच नजर ठेवून होत्या. "पुढे वाच," एवढंच म्हणाल्या. हे पान येणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तिथवर मी माझ्या पायांनी पोचावं म्हणून त्या इतके मंगळवार थांबल्या होत्या. घरी परतताना कामो नदीच्या काठाने मी रडत गेले. ज्या नकाराचा मी इतके महिने डंख धरून बसले होते, त्या नकारात होती तेवढी काळजी माझ्या शिकण्याची दुसऱ्या कुणी केली नव्हती.

आयामेलाही पुढे मोह झालाच. 1721 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याने नाव बदलून पुरुष भूमिका करून पाहिल्या. जमलं नाही. तो मुकाट्याने आपल्या जुन्या नावाकडे आणि बायकांच्या भूमिकांकडे परत आला. अख्ख्या जपानने डोक्यावर घेतलेल्या माणसाला हे परतणं किती जड गेलं असेल! मला त्याच्या सगळ्या यशापेक्षा ते वर्ष जवळचं वाटतं.

पुढच्या खेपेला मी आईच्या डब्यातला वेखंडाचा तुकडा सेन्सेइंसाठी नेला. जुन्या जपानीत आयामेगुसा म्हणतात ते वेखंडच. आपल्याकडे बाळाच्या टाळूला लावतात, तिकडे पाच मेला त्याची पानं आंघोळीच्या पाण्यात घालतात. त्यांनी तुकडा नाकाशी धरला, डोळे मिटले. "मुलांची आंघोळ," त्या म्हणाल्या. उताईचा विषय मी पुन्हा काढला नव्हता, त्यांनीही नाही. तो तुकडा त्यांनी पुस्तकाच्या पानांत ठेवला आणि गेल्या वेळी कुठे थांबलो होतो ते बोटाने शोधू लागल्या.