द्राक्षांच्या गावी दोन दिवसांची रजा

आपल्या कार्यकर्त्याला "जरा विश्रांती घ्या" असे कोणी म्हटले की तो अपराध्यासारखा चेहरा करतो. दिवसभर कार्यालयात फाइली, संध्याकाळी कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या मुलीचे वसतिगृह, रविवारी विहारातील बैठक. या रहाटगाडग्यात आमची वीस वर्षे गेली. डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा सांगितला तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, तुम्ही एकटेच कुठेतरी जा. घरी राहिलात तर दाराची कडी वाजतच राहणार."

फेब्रुवारीत दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि आम्ही नाशिक गाठले. नाशिक, दिंडोरी हा आता वाइनचा मुलूख म्हणून ओळखला जातो. खाण्याची द्राक्षे तेथे पूर्वीपासूनच होती. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले आणि वाइनचे कारखाने वाढले. पंचशील घेतलेल्या माणसाचे तेथे काय काम, असे वाचक विचारतील. आम्ही बागा पाहायला गेलो होतो. बाग पाहिल्याने शील मोडत नाही.

दिंडोरीला एस.टी.तून उतरून पायी निघालो. पहिले दोन तास हात सारखा मोबाइलकडे जाई. शेवटी तो बंद केला आणि एका बांधावर बसलो. वेलींच्या रांगा खतावणीतल्या रकान्यांसारख्या सरळ दिसत होत्या. त्या मोजायच्या नाहीत, नुसत्या पाहायच्या, हे मनाला पटायलाच अर्धा तास लागला.

पुढे एका कारखान्यात तेथील कर्मचाऱ्याने सर्व समजावून सांगितले. वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची, बियांची असतात. लाल वाइनचा रंग सालीतून उतरतो. पांढरीचा रस मोठ्या टाक्यांत थंड ठेवून सावकाश आंबवतात. उष्णता वाढली तर सुवास उडून जातो. पेला पुढे आला तेव्हा आम्ही हात जोडले. त्याने आग्रह केला नाही, द्राक्षांचा एक घड हातावर ठेवला. एकेक मणी खाताना आम्हांला कळले की कित्येक वर्षांत आपण काही इतके सावकाश खाल्ले नव्हते.

बाहेर तोडणीवरच्या बाया झाडाखाली भाकरी खात बसल्या होत्या. पेठकडून आलेल्या. एका आजीने विचारले, "भाऊ, कामाला आलात का?" आम्ही म्हणालो, "नाही आजी, सुट्टीवर आहे." त्या हसल्या. "आमची सुट्टी म्हंजे खाडा. खाडा झाला की रोज गेला."

ते वाक्य घेऊनच आम्ही दुसऱ्या दिवशी त्रिरश्मी लेण्यांवर चढलो. तेथे एकंदर २४ लेणी आहेत. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने २,००० कार्षापण कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. आमच्यातल्या बी.कॉम.ने तेथेच हिशेब केला. वर्षाचे व्याज २४०, भागिले २०, बरोबर १२! पावसाळ्यात भिक्षूंनी फिरणे थांबवून एका जागी राहायचे, ही भगवान बुद्धांची शिकवण. पण ते थांबणे नुसत्या इच्छेने होत नसे. त्यासाठी कुणीतरी मुद्दल बाजूला काढून ठेवले होते.

आमच्या पिढीसाठी असे मुद्दल बाबासाहेबांनी ठेवले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला वर्षातून पगारी सुट्टी मिळाली, आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. कामगाराच्या विश्रांतीला कायद्याने अशी किंमत मिळाली. आपण मात्र ती हक्काची रजा कामांत जिरवतो आणि त्याला त्याग म्हणतो. पाचवे शील प्रमादापासून, म्हणजे बेसावधपणापासून दूर राहायला सांगते. थकून चिडलेला कार्यकर्ता सावध कसा राहील?

लेण्याच्या थंडगार ओट्यावर तासभर डोळे मिटून बसलो. श्वास येतो, जातो, एवढेच. उतरताना पायऱ्यांवर कुठेही धाप लागली नाही.

बंधू-भगिनींनो, वर्षातून दोन दिवस तरी थांबा. फार खर्च लागत नाही, एस.टी.चे तिकीट आणि घरची चटणी-भाकरी पुरते. मात्र घरात रजेचा हिशेब करताना सर्वात मोठी शिल्लक कुणाची आहे, तेही पाहा. आमच्या घरी ती सौ.ची निघाली. पुढच्या महिन्यात त्या मैत्रिणीसोबत लेणी पाहायला जाणार आहेत आणि स्वयंपाक आम्ही करणार आहोत. त्या आजीच्या खाड्याचा पगार कोण देणार, हा प्रश्न मात्र उरतोच. ताजेतवाने होऊन आपण लागायचे आहे ते त्याच कामाला.

जयभीम!