हौसेची ठिगळं

गरिबीचं एक असतं. घरात असेपर्यंत ती कुणाला आवडत नाही, आणि एकदा गेली की दिवाणखान्यात मांडायला बरी वाटते. आजोबांच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आता बाल्कनीत मनीप्लँट सांभाळतो. शहराबाहेरच्या हॉटेलात बाजेवर बसवून पिठलं-भाकरी वाढतात आणि बिल मात्र पंचपक्वान्नांचं लावतात. धडक्या विजारीपेक्षा फाटकी जीन्स महाग. या यादीत आता कॉम्प्युटरवरच्या खेळांची भर पडली आहे.

आमच्या पुतण्यानं लाखभर रुपयांचा कॉम्प्युटर घेतला. त्यावर म्हणे नदीत पडलेलं झाडाचं प्रतिबिंब पानापानासकट दिसतं. मी मोठ्या अपेक्षेनं बघायला गेलो, तर पडद्यावर न्हाणीघराच्या फरश्या!

"हे काय रे?"

"योद्धा आहे, काका."

"याचं नाक कुठाय?"

"तो एक चौकोन आहे ना, तो."

"आणि तलवार?"

"तीन चौकोन. याला पिक्सेल आर्ट म्हणतात. इंडी गेम आहे, म्हणजे बड्या कंपनीशिवाय दोघा-चौघांनी केलेला. एकदम रेट्रो! जुने दिवस आठवतात."

चिरंजीवांचा जन्म २००६ चा. आठवतं त्यांना १९८५!

त्या जुन्या मंडळींना चौकोनांची हौस नव्हती हो. जागाच तेवढी होती. १९८१ साली जपानच्या शिगेरू मियामोतोंनी 'डाँकी काँग' या खेळासाठी जो मारिओ काढला, तो सोळा गुणिले सोळा चौकोनांत बसवायचा होता. तोंड काढायला जागा नाही, म्हणून नाकाखाली मिशी. केसांची हालचाल दाखवणं जमेना, म्हणून टोपी. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाची पट्ट्यांची विजार. पुढे १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आभाळातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग वेगळा. कालच्या भाताचा आज फोडणीचा भात करणाऱ्या गृहिणीचीच ही हिकमत! तो अख्खा खेळ चाळीस किलोबाइटांत मावला. आज मोबाइलवर काढलेला बारशाचा एक फोटो त्याच्या पन्नासपट जागा सहज अडवतो.

शिवाय तेव्हाचे काचेच्या नळीचे टीव्ही चित्राच्या कडा थोड्या फिसकटून मऊ करायचे. त्यामुळे आज जे टोकदार, करकरीत चौकोन जुने म्हणून विकले जातात, ते तेव्हा घरच्या टीव्हीवर कुणाला दिसतच नव्हते. म्हणजे आठवणही पाठभेदासह!

सगळेच सोंग करतात असं मात्र नाही. 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) हा शेतीचा खेळ एरिक बॅरोन या एकाच माणसानं चार वर्षांहून जास्त खपून केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, गणितही त्याचंच. एकट्या माणसानं चौकोनांत संसार मांडला तर त्यात गैर काय? 'शॉव्हेल नाइट' (२०१४) करणाऱ्यांनी तर जुन्या यंत्राचे नियम नीट अभ्यासले आणि कुठला पाळायचा, कुठला मोडायचा हे ठरवून मग चित्रं काढली. ते ठिगळ नव्हे, ती गोधडी! ऊब देते.

पण एक गोधडी खपली की बाजारात ठिगळांचं पेव फुटतं. मग दुकान उघडावं तर प्रत्येक योद्धा चौकोनी, प्रत्येक गुहा चौकोनी आणि संगीत असं की गजराचं घड्याळ पाण्यात पडलंय. चित्र का चौकोनी, तर शेजाऱ्याचं चौकोनी आहे म्हणून. मिशी आहे, पण तोंड काढायची अडचणच नव्हती!

जुन्यांकडून घ्यायचाच तर चौकोन कशाला घ्यावा? अडचणीतून वाट काढायची खोड घ्यावी. आजच्या पोरांच्याही काही अडचणी असतीलच की. त्यातून त्यांची म्हणून एखादी मिशी उगवू द्या. नाहीतर २०५० साली त्यांची मुलं विचारतील, "बाबा, तुमच्या वेळचे खेळ कसे होते हो?" आणि बाबांना सांगावं लागेल, "अगदी आजोबांच्या वेळेसारखे!"