उपनगरी डाव

दिवसभर उभ्याने काम करून संध्याकाळी आम्ही ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतो. सरळ पायपेच आमच्या आवडीचा. रिओ शहरातील बेंतो रिबेरो या कष्टकरी उपनगरात ओस्वाल्डो फाड्डा यांनी 1950 साली आखाडा काढला. गरिबांना ते फुकट शिकवीत. त्याच दशकात त्यांच्या शिष्यांनी नामांकित ग्रेसी आखाड्याला या पेचाने हरविले. हरलेल्यांनी त्याला 'उपनगरी डाव' म्हणून हिणविले!

पाय काखेत घ्यावा, मनगटाचे हाड टाचेवरच्या शिरेला भिडवावे, गुडघे आवळून मागे रेलावे. आपला पाय सापडलाच तर बूट घालावा तसा पुढे रेटावा नि समोरच्याच्या अंगावर उठावे. सुटत नसेल तर लगेच थाप द्यावी. त्यात कमीपणा नाही. सकाळी याच पायांवर कामाला जायचे असते.